दोन गंगा

परभणी जिल्ह्यांत गोदावरीस गोदावरी म्हणणारे थोडेच. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतील नदीकांठचा शेतकरी ‘गंगेला पाणी आलें’, ‘गंगा आटली’, ‘गंगेकडचें रान’ असेंच बोलतो. आणि गंगाखेडानें तर तें नांव आपल्या नांवांतच गुंफून घेतलें आहे. उत्तरेस दुसरी एक गंगा आहे हें भूगोलाच्या पुस्तकावांचूनही सर्वांस ठाऊक असतें. परंतु या दोन नद्यांच्या जगण्याच्या रीतींत केवढें अंतर आहे, हें पुस्तक वाचूनही पुरतें उमगत नाहीं. आम्हांस तें गोमुखाच्या वाटेवर उमगलें. त्या प्रवासाची हकीकत आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु.

आम्ही म्हणजे या शाळेचे दोन शिक्षक, पांच माजी विद्यार्थी आणि एका शिक्षकांच्या मातुःश्री. या बाईंचें माहेर गंगाखेडचें, वय बाहत्तर वर्षांचें, आणि आम्ही सर्व त्यांस आजी म्हणतों. २०२३ सालच्या जून महिन्याच्या आरंभीं सचखंड एक्सप्रेसनें आम्ही परभणी सोडली. त्या दिवसांतील परभणीचें ऊन परभणीकरांस वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. आजींच्या सामानांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तोंड मेणानें बंद केलेला एक तांब्याचा गडू होता. काशीहून गंगेचा गडू आणण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आजींनीं ती उलटी केली होती. गंगाखेडच्या घाटाखालीं वाळूंत उरलेल्या एका डोहांतलें पाणी गाळून त्यांनीं गडू भरला होता. ‘बहिणीकडे मोकळ्या हातानं कसं जावं?’ असें त्यांचें म्हणणें. पैठणच्या नाथांनीं गंगेची कावड तहानलेल्या गाढवास पाजली ती कथा आमच्यापैकीं एका थट्टेखोर विद्यार्थ्यानें गाडींत काढली, तेव्हां आजींनीं गडू उशाशीं घेऊन झोंप काढली!

दिल्ली व हरिद्वार येथील वर्णन आम्ही गाळतों. तीं स्थळें अनेकांनीं पाहिलीं आहेत. उत्तरकाशीपासून मात्र दृश्य पालटतें. येथेंच १९६५ सालीं स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. पुढें गंगोत्रीपर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरांचा रस्ता भागीरथीच्या कडेकडेनें चढत जातो. देवदाराचीं झाडें दिसूं लागतात, हवा थंड होते, आणि डोंगर इतके उंच होतात कीं मोटारीच्या खिडकींतून त्यांचा माथा पाहण्यास मान वांकवावी लागते. हरसिलच्या पुढें धराली नांवाच्या गांवीं आम्हीं चहा घेतला. सफरचंदांच्या बागा, रस्त्यालगत दुकानें, पाठीमागून उतरणारा खीरगंगा नांवाचा ओढा, असें तें टुमदार गांव होतें. ५ ऑगस्ट २०२५ रोजीं त्याच ओढ्यानें चिखलदगडांचा लोंढा आणला व तो बाजार कांहीं क्षणांत गाडून टाकला. तीं चित्रें पाहतांना आम्ही चहाचें दुकान शोधीत होतों. तें कोठें असावें हेंही ठरवितां येईना.

गंगोत्री सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. तेथील देऊळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमरसिंह थापा या गुरखा सेनापतीनें बांधविलें. गांवापलीकडचा प्रदेश १९८९ पासून गंगोत्री राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. उद्यान या शब्दानें वाचकांच्या डोळ्यांपुढें फुलझाडें व बाकें येतील, तर तीं त्यांनीं दूर सारावीं. हें उद्यान म्हणजे सहा-साडेसहा हजार मीटरांचीं शिखरें, हिमनद्या, दगडांचे ढीग, आणि त्यांतून तग धरून राहिलेलीं थोडीं झाडें व जनावरें. हिमबिबट्या येथें राहतो, पण तो आम्हांस दिसला नाहीं. भरल नांवाचे निळसर करडे जंगली मेंढे मात्र पुष्कळ दिसले. उभ्या कड्यावर ते अशा बेफिकिरीनें चरत होते कीं पाहणाराचेच पाय कांपावे.

गंगोत्रीपासून गोमुख १८ किलोमीटर. ही वाट पायींच चालावयाची. एका दिवसांत दीडशेंहून अधिक लोकांस तिकडे जाऊं देत नाहींत. अगोदर परवाना काढावा लागतो. गांवापासून थोड्या अंतरावर वनखात्याचा नाका आहे, तेथें परवाने पाहिले, पिशव्यांतील प्लास्टिकच्या वस्तु मोजल्या, आणि तितक्याच परत आणून दाखवा असें बजावलें. आजी गंगोत्रींतच राहिल्या. सोबतीस एक विद्यार्थी ठेविला. निघतांना त्यांनीं गडू आमच्या स्वाधीन केला व म्हणाल्या, ‘लेकराहो, मुखापाशी नेऊन घाला. अर्ध्या वाटंत नाही.’

पहिले नऊ किलोमीटर चीरबासापर्यंत. वाट रुंद आहे व चढ सौम्य. पण उंचीमुळें दर शंभर पावलांवर उभें राहावें लागे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी गोमुखाची सुमारे ४,००० मीटरांची उंची भरत नाहीं. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश उरतो, म्हणून नुसती बुटांची नाडी बांधली तरी धाप लागते. चीरबासापुढें गीला पहाड म्हणून भुसभुशीत दरडीचा पट्टा आहे. दुपारीं वारा सुटला कीं वरून दगड घरंगळतात. आमच्या वाटाड्यानें तेथें कोणास बोलूं दिलें नाहीं कीं थांबूं दिलें नाहीं.

चौदाव्या किलोमीटरास भोजबासा. भोज म्हणजे भूर्जवृक्ष, ज्याच्या सालीवर आपले पूर्वज ग्रंथ लिहीत. नांवावरून येथें भूर्जांचें दाट वन असेल असें वाटतें. आम्हांस मोजकीं झाडें दिसलीं. यात्रेकरूंसाठीं सरपण म्हणून हें वन तुटत गेलें. हर्षवंती बिष्ट या गिर्यारोहक बाईंनीं, ज्यांस १९८१ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला होता, पुढें येथें रोपवाटिका करून भूर्जाचीं रोपें पुन्हां लावण्याचें काम वर्षानुवर्षें चालविलें. इतक्या उंचीवर झाड वर्षास किती वाढत असेल, हें कापसाच्या रानांत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस प्रथम खरेंच वाटेना. एकानें गुडघ्याएवढें रोप पाहून ‘हें यंदाचें का?’ म्हणून विचारलें, तेव्हां वाटाड्या नुसता हंसला.

भोजबासास गढवाल मंडळ विकास निगमाच्या विश्रामगृहांत मुक्काम केला. तेथें दोन विद्यार्थ्यांनीं एक साधा प्रयोग केला, तो येथें मुद्दाम देतों. पोंचतांच, दुपारीं, त्यांनीं नदीच्या अगदीं कडेस, पाणी स्पर्श करील असा एक दगड हेरून ठेविला. संध्याकाळच्या सुमारास तो दगड बुडाला होता. दुसऱ्या दिवशीं पहांटे कंदील घेऊन पाहिलें तों दगड उघडा, आणि पाणी त्याच्यापासून हातभर खालीं! पाऊस तर मुळींच पडला नव्हता. झालें होतें तें असें कीं, दिवसा उन्हानें बर्फ वितळून नदी चढली आणि रात्रीं गारठ्यानें वितळणें थांबून ती उतरली. म्हणूनच या भागांतील वाटाडे ओढे सकाळीं ओलांडतात, दुपारीं नाहीं.

आमच्या दोन गंगांमधील अंतर तें हेंच. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते व सुमारे १,४६५ किलोमीटर धांवते; तिच्या सबंध वाटेंत बर्फाचा कण नाहीं. मृगापासून जें आभाळांतून पडेल तेंच तिचें उत्पन्न. चार महिने मिळवावें व आठ महिने पुरवावें, तेंही वर पैठणास १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडीच्या धरणानें जेवढें सोडलें तेवढें. एक पावसाळा हुकला कीं काय होतें, तें मराठवाड्यास सांगावयास नको. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. उलट भागीरथीचें पहा. ज्या वैशाख-ज्येष्ठांत आपली गंगा वाळू होते, त्याच महिन्यांत ती गंगा फुगते. ऊन जितकें कडक तितकें तिचें पाणी अधिक. हातावर पोट असणारी एक बहीण, आणि पेंवांत धान्य सांठविलेली दुसरी. खालीं मैदानांत उतरल्यावर या दुसरीसही मुख्य आधार पावसाचाच असतो, ही गोष्ट वेगळी. पण उगमापाशीं तरी ती सांठ्यावर जगते. आम्हांस तिचा थोडा हेवा वाटला, हें खरें.

पहांटे निघून आम्ही गोमुखाकडे चाललों. समोर भागीरथी शिखरें होतीं, त्यांवर सूर्याचें पहिलें ऊन पडलें. उजवीकडे शिवलिंग शिखर, ६,५४३ मीटर उंच, एकटेंच उभें. तें दृश्य पाहून बोलके विद्यार्थीही गप्प झाले. पण हिमनदी पाहून बहुतेकांची निराशा झाली, हेंही लिहिलें पाहिजे. शुभ्र, चकाकणारें असें कांहीं तेथें नव्हतें. दगडगोट्यांनीं व मातीनें माखलेला एक प्रचंड ढिगारा, खडीच्या खाणीसारखा, दरीभर पसरलेला. आणि त्याच्या शेवटीं निळसर काळा बर्फाचा तुटका कडा, ज्याच्या पायथ्यांतून गढूळ करडें पाणी गर्जना करीत बाहेर पडत होतें. १८१७ सालीं हॉजसन हा इंग्रज मोजणीदार या मुखापर्यंत पोंचला. यात्रेकरू त्याच्या कितीतरी पूर्वींपासून येत होते.

हिमनदी म्हणजे थंडीनें गोठलेली नदी, असा पुष्कळ मुलांचा समज असतो. तसें नव्हे. वर दरीच्या माथ्यावर वर्षानुवर्षें पडलेला हिम थरावर थर सांचतो. खालच्या थरांतील हवा दाबानें निघून जाते व त्यांचा घट्ट बर्फ बनतो. मग तो सबंध लगदा आपल्याच भारानें उतारावरून अति मंद गतीनें सरकूं लागतो, कड्यांवरून पडणारे दगड पाठीवर घेतो, आणि जेथें ऊब पुरेशी असेल तेथें वितळून नदी होतो. गंगोत्री हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. वर जितकें पडतें तितकेंच खालीं वितळलें तर मुख एकाच जागीं राहतें. वितळणें अधिक झालें तर मुख मागें हटतें.

तें हटलें आहे. वाटाड्यानें भोजबासाकडील एक जागा दाखवून सांगितलें कीं त्याच्या आजोबांच्या वेळीं बर्फ तेथवर होता. आठवणींवर विसंबण्याचें कारण नाहीं, कारण मोजमापें झालेलीं आहेत. १९३५ सालीं भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ऑडन या शास्त्रज्ञानें मुखाचा नकाशा काढला. त्या जागेशीं ताडून पाहतां १९९६ पर्यंतच्या ६१ वर्षांत मुख ११०० मीटरांहून अधिक मागें गेलें, म्हणजे वर्षास सरासरी सुमारे १९ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते. दर वर्षीं जवळजवळ एक खेळपट्टी, असें आमच्या एका गोलंदाजानें तेथल्या तेथें गणित केलें. पुढील कांहीं मापनांत हा वेग कमी आढळला आहे, तरी दिशा पालटलेली नाहीं. चतुरंगी व रक्तवर्ण या दोन हिमनद्या पूर्वीं या मोठ्या हिमनदीस येऊन मिळत. आतां त्या तिच्यापासून तुटल्या आहेत. आदल्या रात्रीं ज्या सांठ्याचा आम्ही हेवा केला, त्या पेंवाचा तळ खरवडण्याचें काम चाललें होतें. मोटारी, गिरण्या, वीज यांच्यासाठीं जगभर जळणाऱ्या कोळशा-तेलाचा धूर त्यास कारण आहे, आणि त्यांत आम्हांस तेथवर आणणाऱ्या मोटारीचाही वांटा आहे.

मुखाच्या अलीकडे पहारेकऱ्यानें अडविलें. बर्फाचा कडा केव्हां ढांसळेल याचा नेम नाहीं, यापुढें जाऊं नका, असें तो म्हणाला. आम्ही पाहत असतांच दुसरी एक मंडळी त्याची नजर चुकवून दगडांतून पुढें गेली व बर्फास हात लावून छायाचित्रें काढूं लागली. आमच्यांत वाद झाला. गडू ज्यांच्या हातीं होता ते शिक्षक आजींचे चिरंजीव. आईनें ‘मुखापाशी’ म्हटलें होतें, आणि मुख दिसत होतें. एवढ्या दूर येऊन अखेरचीं तीन-चारशें पावलें सोडावयाचीं? विद्यार्थी त्यांच्या तोंडाकडे पाहूं लागले. तेवढ्यांत कड्यापासून बैलगाडीएवढा एक तुकडा सुटून पाण्यांत पडला. तो पडला तेथें कोणी नव्हतें. आवाज मात्र असा झाला कीं पुढें गेलेली मंडळी धांवत परतली. त्या सरांनीं आणखी शब्द काढला नाहीं. ते जेथें उभे होते तेथेंच वांकले, मेण फोडलें, आणि गोदावरीचें पाणी भागीरथींत सोडलें. मग तोच गडू तिच्या पाण्यानें भरून घेतला. तें पाणी इतकें गार होतें कीं बोटें पांढरीं पडलीं.

गंगोत्रीस परतल्यावर आजींनीं पहिला प्रश्न तोच केला. चिरंजीवांनीं खरें तें सांगितलें. आम्हांस वाटलें, आजी रागावतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बाळंतिणीच्या खोलीत कुणी घुसतं का? दारातूनच इचारावं.’ आणि त्यांनीं आम्हांस चहा दिला.

उतरतांना भैरवघाटीजवळ गरतांग गल्ली पाहिली. नेलांग दरींतील उभ्या कड्यास चिकटवलेली ही लांकडी वाट. तिबेटचे व्यापारी येथून येत-जात. १९६२ च्या युद्धापासून ती बंद होती व २०२१ च्या ऑगस्टांत दुरुस्त करून उघडली. लांबीनें फार नाहीं, पण फळ्यांच्या फटींतून खालची दरी दिसते. आमच्यापैकीं दोघांनीं ती डोळे मिटून ओलांडली. त्यांचीं नांवें आम्ही छापीत नाहीं!

तेथून आम्ही केदारनाथास गेलों. हें स्थळ त्या राष्ट्रीय उद्यानांत नाहीं, पण चोराबारी हिमनदीच्या पायथ्याशीं ३,५८३ मीटरांवर आहे. गौरीकुंडापासूनची चढण आजींस झेपण्यासारखी नव्हती, म्हणून त्या व त्यांचे चिरंजीव फाटा येथून हेलिकॉप्टरनें गेले आणि आम्ही पायीं. आम्हांस सबंध दिवस लागला. त्यांस आठ-दहा मिनिटें. परंतु वाटभर तीं यंत्रें दर थोड्या वेळानें डोक्यावरून घरघरत जात, आणि प्रत्येक वेळीं झाडींतील पांखरें उठत. हें कस्तुरीमृगांसाठीं १९७२ सालीं राखलेलें अभयारण्य आहे. नदीपात्रापासून ६०० मीटर उंचीवरून उडावें असा दंडक घातलेला आहे. तो कितपत पाळतात, तें वाटेवरच्या खेंचरवाल्यांस विचारावें. २०२५ सालीं मे व जून या दोनच महिन्यांत या यात्रेच्या मार्गांवर दोन हेलिकॉप्टरें कोसळून एकूण तेरा माणसें दगावलीं. तरीही पाय नसलेल्यांनीं, म्हाताऱ्यांनीं काय करावें, हा प्रश्न उरतोच. आमच्यापुढें आजीच होत्या; म्हणून आम्ही उड्डाणास सरसकट नांवें ठेवूं शकत नाहीं.

संध्याकाळीं त्या देवळामागच्या मोठ्या शिळेजवळ बसलेल्या आढळल्या. १६ व १७ जून २०१३ रोजीं अतिवृष्टि झाली, वरचें चोराबारी तळें फुटलें, आणि लोंढ्याबरोबर ही शिळा येऊन देवळामागें अडकली. देऊळ वांचलें, पण त्या आपत्तींत पांच हजारांहून अधिक माणसें गेलीं. आकाशांतून काय दिसलें, असें आम्हीं उत्सुकतेनें विचारलें. आजी म्हणाल्या, ‘भीती वाटली, मग नाही वाटली. नदी सुतळीवानी दिसत होती. वरचं बर्फ म्हणशील तर आपलं नांगरलेलं रान, तसं काळं ढेकळाचं. मधी मधी पांढरं.’ आम्हीं गोमुखास दोन दिवस चालून पाहिलें तेंच त्यांनीं येथें दहा मिनिटांत पाहिलें होतें, आणि शब्द आमच्यापेक्षां बरे शोधले होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत आम्ही परभणीस उतरलों, तों पावसाचा पत्ता नव्हता. त्या वर्षीं मोसमी पाऊस जूनच्या अखेरीस राज्यभर पसरला. जुलैंत बरा झाला. आणि ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत सबंध देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्याच्या शेवटीं आजींनीं गंगाखेडास जावयाचें ठरविलें व आमच्यापैकीं तिघे त्यांच्याबरोबर गेलों. आजींच्या भावाच्या रानांत सोयाबीन फुलावर आलें होतें व पानें दुपारीं मान टाकीत होतीं. घाटाखालीं पात्रांत एका बाजूस थोडें पाणी, बाकी वाळू. आजींनीं गडूचें बूच काढलें आणि भागीरथीचें पाणी पाण्यांत न ओततां वाळूवरच ओतलें. कां, असें विचारलें तेव्हां म्हणाल्या, ‘जिथं नाही तिथं घालावं.’ वाळूनें तें लगेच पिऊन टाकलें. मग त्यांनीं रिकामा गडू पदरानें पुसला, आणि पायऱ्या चढतां चढतां भावास विचारूं लागल्या कीं विहिरीचें पाणी सोयाबीनला आणखी किती दिवस पुरेल.